जुन्या तिकिटांची खरी किंमत
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात एका शिक्षक-सभासदाने केलेले भाषण)



आपल्या न्यासाकडे देणगीदाखल आलेल्या जिनसांत यंदा टपाल तिकिटांच्या कोऱ्या शीटांचे एक बाड आहे. ते विकून किती शिष्यवृत्त्या निघतील, असे विश्वस्तांनी मला विचारले. मी तिकिटे जमविणारा शाळामास्तर, म्हणून हा मान माझ्याकडे आला. परंतु उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी अशीच शीटे मला दाखविली. मी सूचिपुस्तक उघडले, एका तिकिटाची किंमत पाहिली, शीटांतील तिकिटांच्या संख्येने तिला गुणले आणि आकडा सांगून मोकळा झालो. त्या भरवशावर त्यांनी मुलीच्या प्रवेशासाठी कर्ज काढले. विकायला गेले तेव्हा त्या आकड्याचा दहावा हिस्साही हाती आला नाही. कर्ज फिटले, पण फार दिवसांनी. माझा गुणाकार बरोबर होता, हिशेब मात्र चुकला होता.

का चुकला? सूचिपुस्तकातील किंमत ही व्यापाऱ्याच्या विक्रीची असते आणि तीही निर्दोष तिकिटाची. तो स्वतः खरेदी करतो ती पुष्कळच कमी भावाने. शिवाय स्वातंत्र्यानंतर नाशिकच्या मुद्रणालयात तिकिटे लक्षावधींनी छापली गेली आणि हौशी लोकांनी शीटेच्या शीटे जपून ठेवली. संग्राहकाला वहीसाठी एकच तिकीट लागते. सबंध शीट घेणारा विरळा.

याला दुसरी बाजूही आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली होती. त्यांतील १० रुपयांच्या काही मोजक्या तिकिटांवर सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द उमटविला होता. अशा चार जोडतिकिटांची पट्टी २०१७ साली ५ लाख पौंडांना विकली गेली. जे तिकीट सुटेदेखील दुर्मिळ, त्याची जोड अधिक मोलाची. पण अशी बातमी वाचून घरोघरच्या पेट्या उघडतात, आणि या तिकिटांच्या नकलाही बाजारात आहेत, हे विसरू नये.

तेव्हा पारख अशी करावी. शीट फाडू नये. समासावरील क्रमांक व रंगांच्या खुणा यांनाही मोल असते. पाठीमागचा डिंक पाहावा; तो अस्पर्श असेल तर उत्तम. बेळगावच्या पावसाळ्यात शीटे एकमेकांस चिकटतात, कागदावर तपकिरी डाग पडतात, आणि मग भाव कोसळतो. छपाईत काही चूक दिसते का, ते भिंगाने पाहावे. शेवटी लिलावांत प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत आणि दोन व्यापाऱ्यांकडून लेखी दर घ्यावेत.

आता आपले बाड. तीन रात्री बसून मी ते पाहिले. बहुतेक शीटे सामान्य आहेत. चार-चार तिकिटांचे दोन ब्लॉक मला निराळे वाटतात. ते जाणकाराला दाखवावेत. तोपर्यंत शिष्यवृत्तीच्या अंदाजपत्रकात या बाडापुढे शून्य लिहावे, अशी माझी विनंती आहे. पुढे काही आले तर मुलांच्या पदरात अधिक पडेल. न आले, तरी कोणाची फी अडणार नाही.

दुसऱ्याच्या वस्तूची किंमत सांगणे ही अमानत आहे. एकदा मी ती नीट सांभाळली नाही. आज सांभाळू द्यावी.