गायरानाची पाहणी
(शिक्षक-मेळाव्यातील भाषण, कळमना, जि. नागपूर)



कळमना म्हटले की आता धान्याचा व संत्र्यांचा मोठा बाजारच डोळ्यांपुढे येतो; नागपूर शहराने हे गाव केव्हाच पोटात घेतले. आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळा मात्र अशा गावी आहेत की, तेथे अजून गायरान आहे व सकाळी गायकी गुरे घेऊन शाळेवरूनच जातो. त्या गायरानाविषयी आज बोलावयाचे आहे.

भाद्रपदात गायरान हिरवेगार दिसते आणि गावकरी म्हणतात, ‘यंदा चारा चांगला आहे.’ हा हिरवेपणा पुष्कळदा फसवा असतो. जवळ जाऊन पाहावे तो अर्धाअधिक तरोटा, कडेला रायमुनिया व गाजरगवत. यांना गुरे तोंड लावीत नाहीत. म्हणून मुलांना रंग पाहून न थांबता जाती मोजावयास शिकविले पाहिजे.

साधन सोपे आहे. चार काठ्या बांधून एक मीटर लांबरुंद चौकट करावी. गायरानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ चालावे व दर पन्नास पावलांवर चौकट ठेवावी. बरी जागा पाहून ती ठेवण्याचा मोह मुलांना होतो, शिक्षकांनाही होतो, तो टाळावा. प्रत्येक चौकटीत गवत किती, गुरे न खाणारी झाडे किती व उघडी जमीन किती, हे अंदाजाने लिहावे. नावे गायक्यास विचारावीत. या विषयात तो आपला गुरू होय. मारवेल, पवन्या ही बहुवर्षायू गवते टिकून असतील तर चराई बेताची आहे असे समजावे. गुरे तीच प्रथम निवडून खातात, म्हणून अतिचराईत तीच आधी जातात व कुसळी माजते. कुसळी कोवळी असेतो चालते. पुढे तिची कुसळे गुरांच्या तोंडात व मेंढरांच्या कातड्यात रुततात. तीही जाऊन सर्वत्र तरोटा झाला, तर गायरान फार खालावले म्हणावे.

आता गणित. पावसाळ्याच्या आरंभी काट्यांचे कुंपण घालून तीन-चार चौकटी राखाव्यात, आणि ऑक्टोबरात त्यांतील गवत कापून, वाळवून तोलावे. समजा, चौकटीमागे 100 ग्रॅम भरले. हेक्टरात अशा 10,000 चौकटी, म्हणजे 10 क्विंटल. त्यांतील निम्मे जमिनीसाठी व बियांसाठी सोडावे. अडीचशे किलो वजनाच्या गायीस दिवसाला सुमारे 6 किलो कोरडा चारा, म्हणजे वर्षाला 22 क्विंटल लागतो. एका गायीस चार हेक्टरांहून अधिक गायरान! गावात गुरे किती व गायरान किती, हे मुलांनी तलाठ्यास विचारून आणावे. ते आकडे फळ्यावर मांडले की वर्ग गप्प होतो, असा माझा अनुभव आहे.

या नोंदींचा उपयोग वर्गापुरता नाही. जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये विदर्भातील गावांच्या चराईच्या अटी निस्तारपत्रकात नमूद असतात. गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी दिला. तरीही ‘ही तर पडीक जमीन’ म्हणून कोणी गायरानाचा तुकडा मागितला, की तेथे काय उगवते हे सांगणारा एकही कागद ग्रामसभेजवळ नसतो. शाळेची चार वर्षांची वही असली, तर तोच कागद.

दोन सूचना. गाजरगवताने अंगास खाज व पुरळ येते. मुलांना ते उघड्या हातांनी उपटू देऊ नये. आणि बदली झाल्यास वही बरोबर नेऊ नये. कार्यभाराच्या यादीत तिची नोंद करून ती पुढील शिक्षकाच्या स्वाधीन करावी.