चेहऱ्यावरचे केस : लपवायचे काय, तपासायचे काय?

(स्त्री-आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज मी कशावर बोलणार हे सकाळपासून फळ्यावर लिहिलेले आहे. ते वाचून दोघी-तिघी हसल्या. एकजण म्हणाली, "ताई, हुंडा, दारू, रेशन सोडून हे मिशांचं काय काढलंत?" तिचे हसणे मला समजते. मीही वीस वर्षे असेच हसून विषय टाळला. या वीस वर्षांत मोर्चात घोषणा दिल्या, रात्र-रात्र पोलीस ठाण्यात बसून राहिले, पण शिबिराला निघताना पिशवीत चिमटा आणि छोटा आरसा घ्यायला कधी विसरले नाही. बाकीच्या उठायच्या आत उठायचे, न्हाणीघराची कडी लावायची, हनुवटीवरचे केस उपटायचे आणि मगच चहाला यायचे. ज्या संघटनेत आम्ही अंगावरचे वळ एकमेकींना दाखवले, तिथे मी माझी हनुवटी दाखवू शकले नाही. म्हणून आज बोलते आहे.

हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचा फोटो छापून आला आणि लोकांनी तिचे गुण बाजूला ठेवून ओठांवरच्या केसांची टिंगल सुरू केली. शेकडो अनोळखी माणसे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला हसली. आपल्या गावात यासाठी फोटोचीही गरज नसते. पाहुणे बघायला येण्याच्या आदल्या दिवशी मुलीला पार्लरमध्ये नेतात, आणि लग्नानंतर 'आम्हाला फसवले' म्हणून तिला ऐकवतात.

आता शरीराकडे वळू. चेहऱ्यावर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर जाड काळे केस येण्यामागे पुष्कळदा अँड्रोजन गटातली संप्रेरके असतात. त्यांना 'पुरुषी' म्हणायची पद्धत आहे, पण ती प्रत्येक बाईच्या बीजकोशात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत थोड्या प्रमाणात तयार होतातच. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा केसांची मुळे त्यांना जास्त दाद देऊ लागली, की मऊ लवेचे राठ केस होतात. म्हणजे बाई पुरुष होत नाही. तिच्या बाईपणात काही कमी नाही.

यामागे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या शंभर बायकांत ८ ते १३ जणींना हा त्रास असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचे निदानच झालेले नसते. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, तोंडावर मोठे पुरळ, डोक्यावरचे केस विरळ होणे, मान आणि काख काळपट, मखमलीसारखी जाड होणे, ही त्याची आणखी चिन्हे. शेवटचे चिन्ह विशेष लक्षात ठेवा. आपण ते मळ समजून घासत बसतो. प्रत्यक्षात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. मग शरीर इन्शुलिन जास्त बनवते, आणि ते जास्तीचे इन्शुलिन बीजकोशाला जास्त अँड्रोजन बनवायला लावते.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. दर पंधरा दिवसांनी पार्लरमधला दोरा केस काढून टाकतो. आतली साखर मात्र त्याने कमी होत नाही. पीसीओएस असलेल्या बाईला मधुमेहाचा धोका जास्त असतो, अगदी तरुण वयातही. पाळी वर्षानुवर्षे क्वचितच येत असेल तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपण लाजेपोटी केस लपवतो आणि त्या केसांबरोबर शरीराने दिलेली सूचनाही लपवून टाकतो.

तेव्हा तपासणीला जा. जाताना तीन गोष्टी सांगा : पाळीच्या तारखा, केस कुठे कुठे येतात, आणि तुम्ही ते किती दिवसांनी कसे काढता. फेरीमन आणि गॅल्वे या दोघांनी १९६१ साली केस मोजण्याचा तक्ता केला. आज तो शरीराच्या नऊ जागांसाठी वापरतात, प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण. पण डॉक्टरांसमोर बसताना आपला चेहरा साफ असतो, त्यामुळे तक्त्यात काहीच दिसत नाही. म्हणून न लाजता सांगा. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. थायरॉइड आणि इतर संप्रेरकांच्या तपासण्या डॉक्टर गरजेप्रमाणे सांगतील. सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या बहुधा वाढ अर्धवट राहिलेल्या स्त्रीबीजांच्या पिशव्या असतात, कापून काढायच्या गाठी नव्हेत. पाळी सुरू होऊन आठ वर्षेही न झालेल्या मुलीत तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि कोणी "लग्न करून टाका, सगळं बरं होईल" असा सल्ला दिला, तर डॉक्टर बदला. लग्न हे औषध नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी एकाएकी थांबली, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात दाखवा. क्वचित यामागे बीजकोशातला किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतला ट्यूमर असतो. पाळी गेल्यानंतर हनुवटीवर चार केस येणे मात्र नेहमीचे आहे. गोरेपणाच्या क्रीमबद्दलही सांगते. पुष्कळ क्रीममध्ये स्टिरॉइड असते आणि महिनोन्महिने लावल्याने तोंडावर केस येतात. २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी ती सर्रास मिळतात. गोरे व्हायला लावले आणि दाढी आली, अशी बाई मी पाहिली आहे.

आता केस काढण्याबद्दल. सर्वांत स्वस्त वस्तरा, आणि त्याचीच सर्वांत जास्त भीती. वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज खोटा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजमाप करून हे दाखवून दिले. केस मधूनच कापल्यामुळे टोक बोथट होते आणि हाताला राठ लागते, एवढेच. वस्तरा स्वतःचा असावा, पाते नवे असावे, साबण लावून केसांच्या दिशेने फिरवावा. दोऱ्याने काढत असाल तर नवा दोरा मागा. पार्लरवाली त्याचे टोक दातात धरते, तेव्हा ते गळ्यात अडकवायला सांगा. मेणाने आणि चिमट्याने आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहतात, केस आत वळून पिकतात. ब्लीच आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. हळद आणि डाळीचे पीठ खुशाल लावा, पण त्याने मुळे मरत नाहीत.

लेझरची आज फार जाहिरात आहे. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेने मूळ जळते. पण काळा रंग आपल्या कातडीतही आहे. गोऱ्या कातडीसाठी लावलेले यंत्र सावळ्या बाईवर तसेच चालवले तर भाजते. म्हणून लांब तरंगलांबीचे लेझर, आधी छोट्या जागेवर चाचणी आणि शिकलेला हात, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. अनेक बैठका लागतात. पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. पीसीओएसमध्ये नवे केस येत राहतात, तेव्हा 'कायमचे जातील' हे वाक्य खरे मानू नका.

आता गोळ्या. इथे आपल्या चळवळीला थोडे अवघड जाते. १९८६ साली नेट-एन या संततिनियमनाच्या इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईला न सांगता तिच्या शरीरात संप्रेरके घालायची नाहीत, ही आपली भूमिका. ती आजही बरोबर आहे. आणि केसांवर पहिला औषधोपचार म्हणून डॉक्टर संततिनियमनाच्याच गोळ्या देतात. मग काय करायचे? माझे उत्तर असे : आपला विरोध गोळीला नव्हता, न सांगता देण्याला होता. तेव्हा विचारून घ्या. रक्ताच्या गुठळ्या, वाढलेला रक्तदाब, अर्धशिशी, तंबाखू किंवा मिसरी यांबद्दल स्वतःहून सांगा. सायप्रोटेरॉन असलेली गोळी पहिल्या झटक्यात देऊ नये, असे त्याच २०२३ च्या सूचना सांगतात, कारण गुठळ्यांचा धोका जास्त. स्पायरोनोलॅक्टोन घेत असताना गर्भ राहता कामा नये, मुलग्याच्या गर्भाच्या वाढीत दोष येऊ शकतो. आणि धीर ठेवा. केसांचे चक्र संथ असते, सहा महिन्यांआधी फरक दिसत नाही. आधी राठ झालेले केस गोळीने गळत नाहीत, नव्यांची वाढ मंदावते. म्हणून गोळीबरोबर वस्तराही चालू राहतो.

आपल्या लाजेची बाजाराला किती किंमत आहे, ते सांगते. १९२० च्या दशकात अमेरिकेत चेहऱ्यावरचे केस घालवायला बायकांवर क्ष-किरण सोडले जात. दुखत नाही, डाग राहत नाही, अशी जाहिरात होती. वर्षांनंतर त्यांच्या हनुवटीवर व्रण आणि कर्करोग दिसू लागले. दुसरी गोष्ट अलीकडची. एफ्लोर्निथिन हे औषध १९९० साली आफ्रिकेतल्या जीवघेण्या निद्रारोगासाठी मान्य झाले. पण तिथले रोगी गरीब. नफा नाही म्हणून ते बनवणे थांबले. २००० साली तेच औषध बायकांच्या चेहऱ्यावरचे केस मंदावणारे क्रीम म्हणून अमेरिकेत मान्य झाले. मरणाऱ्या माणसासाठी जे बनवायला परवडत नव्हते, ते हनुवटीसाठी परवडले. संघटनांनी ओरड केली तेव्हा कुठे २००१ साली निद्रारोगासाठी त्याचा पुरवठा पुन्हा सुरू करण्याचा करार झाला.

म्हणून काय आपण केस काढायचेच नाहीत? ब्रिटनमधल्या हरनाम कौर यांनी पीसीओएसमुळे आलेली दाढी ठेवली आणि त्या ताठ मानेने वावरतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण एसटीत रोज टोमणे ऐकणाऱ्या, सासरी नांदणाऱ्या बाईला "तूही ठेव" असे सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि "तू कार्यकर्ती असून दोरा फिरवतेस?" असे विचारण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. जगाने एक लाज दिली, चळवळीने तिच्यात दुसरीची भर घालू नये. केस ठेवायचे की काढायचे हे जिचे तिने ठरवावे. तपासणी मात्र प्रत्येकीने करावी. केस थोडे असोत की फार, मनाला होणारा त्रास केस मोजून ठरत नाही. एखादी घराबाहेर पडायची थांबली, जेवेना, बोलेना, तर तिला एकटे सोडू नका.

जेवणानंतर मागच्या खोलीत साखर आणि रक्तदाब तपासायची सोय केली आहे. पाळीच्या तारखा लिहायचे कार्डही तिथेच मिळेल. यायला कोणाला संकोच वाटत असेल तर मी दाराशीच उभी आहे. आज सकाळी मी चिमटा वापरलेला नाही. जवळ या आणि बघा.