वर्गणी की स्वामित्वहक्क?

घरी गोंधळ घातला, संबळ वाजला, की आपण गोंधळ्याला यथाशक्ती बिदागी देतो. त्याचे गीत कोणाच्या मालकीचे, हे आमच्या रेणापुरात, रेणुकादेवीच्या गावात, कोणी विचारीत नाही. मग पुस्तकाचेही असेच का नसावे? लेखकाने आधी लोकांकडून वर्गणी जमवावी, ग्रंथ लिहावा आणि पुढे तो हवा त्याने छापावा. कायदा हवाच कशाला?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1957 च्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यामागे 60 वर्षे चालतो. साने गुरुजी 1950 साली गेले. म्हणून 2011 पासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतो. मुदत लांबच आहे, माझ्या मते जरा जास्तच.

पण वर्गणीने काय होते, ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दाखवून दिले आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. ना सरकार पाठीशी, ना संस्थानिकाचा खजिना. तरी 23 खंड उभे राहिले! मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच हे काम. मात्र ही वर्गणी ग्रंथाची होती, ग्रंथकाराची नव्हे. ती कागद, छपाई, माणसांचे पगार यांतच जायची. 1937 साली केतकर वारले, तेव्हा त्यांच्या घरी ओढगस्तच होती.

दुसरे उदाहरण गुजरातचे. 1976 साली 'मंथन' हा चित्रपट आला. पटकथेत आपले विजय तेंडुलकर, पडद्यावर आपली स्मिता पाटील. पैसा कोणाचा? पाच लाख दूध उत्पादकांचा, प्रत्येकी दोन रुपये. विषय त्यांचाच, दूधसंघ त्यांचाच आणि वर्गणी दुधाच्या पैशांतूनच वळती झालेली. आता मला सांगा, आपल्याच तालुक्यातला एखादा पोरगा कविता लिहितो, त्याला अजून कोणी ओळखत नाही. त्याच्यासाठी पाच लाख सोडा, पाच माणसे तरी आगाऊ दोन रुपये देतील का? वर्गणी ओळखीवर मिळते. हक्काचे तसे नाही. पुस्तक आज पडून राहिले आणि दहा वर्षांनी खपले, तरी हक्क राखलेला असेल तर मोबदला त्यालाच मिळतो.

तेव्हा वर्गणी जरूर काढावी, पण हक्क सोडून नव्हे.

आणि आपला गोंधळी? बिदागी देणारा समोर बसलेला होता, तोवर ठीक होते. आता त्याचा गोंधळ मोबाइलवर उतरवून घेतात, तो हजारो लोक पाहतात, आणि बिदागी मात्र अंगणातल्या चारजणांचीच. गीत परंपरेचे असले तरी त्याने गायलेला तो गोंधळ कायद्याने त्याचा आहे. 1994 च्या दुरुस्तीने कलावंताला सादरीकरणाचा हक्क मिळाला, आणि तो 50 वर्षे टिकतो. संबळ खांद्याला लावून गावोगाव फिरणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितले आहे? शाळेतल्या गुरुजींनी सांगितले, तरच कळायचे.