हरवलेलं मूल आणि घरबसले गुप्तहेर

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती नुकतीच झाली आहे, प्रसाद अजून वाटायचा आहे, आणि अशा प्रसन्न वातावरणात माझा विषय थोडा जड वाटेल. पण कार्यकारिणीने "विषय तुम्हीच ठरवा" असं सांगितलं, आणि मला गेले काही दिवस दुसरं काही सुचतच नव्हतं. कारण आपल्या सगळ्यांच्या फोनवर महिन्यातून एकदा तरी एक फोटो येतो. "हे मूल हरवले आहे, कृपया पुढे पाठवा." आपण पाठवतो. इथपर्यंत ठीक आहे. त्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल मला बोलायचं आहे. कोणीतरी लिहितं, "काल आमच्या गल्लीत एक बाई संशयास्पद फिरत होती." दुसरा लिहितो, "तो आईसक्रीमवाला नवीनच दिसतो." तिसरा, "आई-वडिलांचं वागणंच मला विचित्र वाटतं." तासाभरात घरबसल्या पंचवीस गुप्तहेर कामाला लागतात. मूल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, पण चोर कोण हे मात्र ठरून जातं.

हे किती महाग पडतं याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. २०१८ चा मे महिना आठवा. तामिळनाडूच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत व्हॉट्सॲपवर संदेश फिरत होते की उत्तरेकडून मुलं पळवणारी टोळी आली आहे, हिंदी बोलणारी माणसं आहेत, सावध राहा. ९ मे रोजी आपल्याच चेन्नईतलं एक कुटुंब तिरुवण्णामलै जिल्ह्यात पोळूरजवळ आपल्या कुलदैवताच्या दर्शनाला गाडीने निघालं होतं. मलेशियाहून आलेले नातेवाईकही बरोबर होते. वाट विचारायला ते थांबले. गाडीत पासष्ट वर्षांच्या एक आजी होत्या. समोर खेळणारी मुलं पाहून त्यांनी त्यांना चॉकलेटं दिली. कोणत्याही आजीने दिली असती तशी. पण कोणीतरी ते पाहिलं, शंका घेतली, पुढच्या गावांना फोन गेले, जमाव जमला. त्या आजी त्या मारहाणीत गेल्या, बाकीचे गंभीर जखमी झाले. त्याच सुमारास पुलिकतला एका माणसाला जमावाने मारून पुलावर लटकवलं. आणि त्याच महिन्यात बंगळुरात चामराजपेठेत राजस्थानहून पोट भरायला आलेला एक तरुण असाच मारला गेला.

त्या आजी तमिळ होत्या. इथल्याच होत्या. त्यांना जर "बाहेरची टोळी" ठरवता येतं, तर आपलं काय? आपण इथे तीन-तीन पिढ्या राहिलो असू, रिक्षावाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करत असू, पण कोकणातून किंवा सोलापूरहून आलेले आपले पाहुणे जेव्हा एखाद्या खेड्यात थांबून मराठीत आपापसात बोलतात, तेव्हा ऐकणाऱ्याला ती हिंदीच वाटते. कुलदैवताला जाणं, वाटेत थांबणं, लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवणं, यातली एक तरी गोष्ट आपण करत नाही का?

तमिळमध्ये लहान मुलांना भीती घालायला "पिळ्ळै पिडिक्किरवन" म्हणतात, म्हणजे मुलं पकडून नेणारा. आपल्याकडे बागुलबुवा होता, पोतं घेऊन फिरणारा बाबा होता, आणि नव्या पुलाच्या पायात मुलं पुरतात ही आवई तर आजीच्या तोंडून अनेकांनी ऐकली असेल. म्हणजे भीती जुनीच आहे. फरक एवढाच पडला की पूर्वी ती गावाच्या वेशीपाशी थांबायची, आणि आता तिला एक चित्रफीत जोडलेली असते.

त्या चित्रफितीची हकीकत सांगण्यासारखी आहे. दोन माणसं मोटरसायकलवरून येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलून नेतात. २०१८ मध्ये हा तुकडा भारतभर फिरला. "कालचीच घटना" म्हणून प्रत्येक राज्यात वेगळ्या गावाचं नाव लावून फिरला. प्रत्यक्षात ती कराचीतल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ती माणसं वळून परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक दाखवतात की मुलांकडे लक्ष ठेवा. शेवटचा भाग कापला, आणि उपदेशाचा पुरावा झाला. मराठीत आपण "ध चा मा" म्हणतो. इथे एक अक्षरही बदलावं लागलं नाही, फक्त शेवट कापावा लागला.

याच तापात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी जे झालं ते आपल्या महाराष्ट्राला मान खाली घालायला लावणारं आहे. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला आले होते. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरणारी ही माणसं. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला असं कोणीतरी सांगितलं. एवढ्यावर जमाव उठला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. ज्यांच्या झोळीत आपल्या आज्या सुपाने धान्य घालत होत्या, त्यांचंच रूप "संशयास्पद" ठरलं.

दोन आठवड्यांत, १३ जुलैला, सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात मुरकी इथे हैदराबादचा एक संगणक अभियंता मारला गेला. हा भाग आपल्याला परका नाही, तिथे घराघरात मराठी बोलली जाते. मित्रांबरोबर तो फिरायला आला होता. इथेही पुन्हा चॉकलेटच. शाळेच्या मुलांना दिलेलं. लोकांनी हटकलं, ते घाबरून गाडी घेऊन निघाले, आणि गाडीची चित्रफीत त्यांच्या आधी पुढच्या गावाला पोहोचली. तिथे रस्ता अडवलेला होता. वाचवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. घाबरून पळणं हाच अपराधाचा पुरावा झाला. जमाव मागे लागल्यावर निरपराध माणूसही पळतो, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर मला एक भाव दिसतो आहे. "हे खेड्यापाड्यांतलं झालं हो, आपण शिकलेली माणसं." म्हणून जरा अमेरिकेत जाऊ. मार्च २०१३ मध्ये तिथल्या ब्राऊन विद्यापीठातला भारतीय कुटुंबातला बावीस वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी फेसबुकवर पान उघडलं, फोटो टाकले, ओळखीच्या सगळ्यांना विनवण्या केल्या. एप्रिलमध्ये बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. पोलिसांनी संशयितांचे अंधुक फोटो प्रसिद्ध केले. झालं! रेडिट नावाच्या संकेतस्थळावर हजारो हौशी गुप्तहेर बसले होते. कोणीतरी म्हणालं, हा तो हरवलेला मुलगाच दिसतो. नाक जुळवलं, भुवया जुळवल्या. बघता बघता त्याचं नाव जगभर गेलं. ज्या पानावर आई-वडील मुलाला घरी बोलावत होते, त्याच पानावर शिव्या आणि धमक्या येऊ लागल्या. शेवटी त्यांना ते पान बंद करावं लागलं. खरे संशयित दुसरेच दोघे भाऊ निघाले. आणि हा मुलगा? २३ एप्रिलला त्याचा मृतदेह नदीत सापडला. लोक त्याच्यावर आरोप करत होते तेव्हा तो या जगातच नव्हता. रेडिटच्या व्यवस्थापनाने नंतर जाहीर माफी मागितली. हे सगळे सुशिक्षित होते, आणि बहुतेकांचा हेतूही चांगलाच होता. मला तर हेतू चांगला असणं हीच यातली धोक्याची बाब वाटते, कारण मग थांबायचं कोणी?

पोर्तुगालमध्ये ३ मे २००७ रोजी सुट्टीवर गेलेल्या ब्रिटिश कुटुंबातली मॅडेलीन मॅकॅन ही चिमुरडी नाहीशी झाली. शेजारी राहणारा एक गृहस्थ पोलिसांना दुभाष्या म्हणून मदत करत होता. तो फारच उत्साहाने मदत करतो, म्हणून एका पत्रकाराला त्याचा संशय आला! पुढे वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकाने भरले, मग मुलीच्या आई-वडिलांवर भरले. २००८ मध्ये दोघांचीही माफी मागून मोठी नुकसानभरपाई द्यावी लागली. मूल आजवर सापडलेलं नाही.

कोणी म्हणेल, मग मुलं पळवणारे नसतातच का? असतात. कोल्हापूरचं गावित मायलेकींचं प्रकरण माझ्या पिढीतलं कोणी विसरणार नाही. १९९६ मध्ये त्या पकडल्या गेल्या, आणि किती कोवळ्या मुलांचा त्यांनी जीव घेतला ते बाहेर आलं. आणि आपल्या चेन्नईतही १९९०च्या दशकाच्या शेवटी उत्तर भागातल्या झोपडपट्ट्यांतून मुलं खरोखर चोरीला गेली होती. ती एका दत्तक संस्थेमार्फत खोट्या कागदपत्रांवर ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स अशा देशांत पाठवली गेली, हे २००५ मध्ये उघड झालं. आया वर्षानुवर्षं वाट पाहत होत्या. पण इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही मुलं देशाबाहेर गेली ती कार्यालयातून, अर्जावर शिक्का मारून आणि विमानाचं तिकीट काढून. रस्त्यावर झोळीवाल्याला धोपटणाऱ्या जमावाला ते कार्यालय कधी दिसलंच नसतं. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि साप मात्र खुर्चीवर बसलेला.

आणि हे सगळं २०१८ मध्ये संपलं असंही नाही. त्या वर्षी व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबत राज्यांना कडक निर्देश दिले. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या चेन्नईत पुन्हा तेच संदेश फिरले आणि पोलिसांना ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं.

मग फोटो आला तर करायचं काय? फार थोडं, पण नीट. पोलीस चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, हा समज डोक्यातून काढून टाका. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, अपहरण झालं आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू शकत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून तो सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. तुम्ही काही पाहिलं असेल तर ते त्या क्रमांकावर, किंवा ११२ वर, एकदाच आणि नेमकं सांगा: कुठे पाहिलं, किती वाजता, अंगावर काय होतं. "मला वाटतं" हे शब्द आले की तिथेच थांबा. पोलिसांकडे दोनशे अंदाज आले, तर त्यातला एक खरा शोधण्यात जो वेळ जातो, तो त्या मुलाचा वेळ असतो.

मूल सापडल्यावर फोटो काढून टाकायचं आपल्याला सुचत नाही. लेकरू घरी येऊन शाळेत जाऊ लागलेलं असतं, आणि त्याचा चेहरा, वडिलांचा फोन नंबर, घरचा पत्ता गावभर फिरतच असतो. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा राहू द्या बाजूला, त्या मुलाला मोठेपणी कोणी विचारलं, "तूच ना तो हरवलेला?" तर काय वाटेल?

आता आपल्या कामाचं. काणुम पोंगलला मरीनावर लाखो माणसं येतात. तिथे चेन्नई पोलीस लहान मुलांच्या मनगटाला पालकांचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधतात. किती साधी गोष्ट! मूल हरवलं तर ज्याला सापडेल तो थेट फोन करतो. ना फोटो फिरतो, ना अफवा. आपल्या विसर्जनालाही पट्टिनपाक्कमला अशीच गर्दी असते, समुद्र समोर, अंधार पडत आलेला, ढोलाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून या वर्षी अशा पट्ट्या आणि पेन मंडपाबाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येक आई-वडिलांनी आपल्या मुलाच्या मनगटाला पट्टी बांधून घ्यावी. आणि एक विनंती, नंबर मराठी आकड्यांत लिहू नका. किनाऱ्यावरच्या हवालदाराला ते वाचता येणार नाहीत.