साच्यांचे कपाट आणि डीबगरची साक्ष



विषयाचे नाव ऐकून काहींनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले. तेव्हा प्रथम आपल्या भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यातच जाऊ. तेथे कपाटात साचे असतात. कारागीर त्यांना डाय म्हणतात. मागणी वाट्यांची असेल तर वाट्यांचीच डाय यंत्रावर चढते. डब्याची डाय घरात असूनही डबा एकही तयार नसतो. सी प्लस प्लस या संगणकभाषेचे प्रमाण ग्रंथालय बहुतांशी अशाच साच्यांचे आहे. प्रोग्रॅमने जे वापरले, तेवढेच यंत्रभाषेत उतरते.

आता प्रोग्रॅम चुकला. त्याला मध्येच थांबवून पोटात डोकावण्याचे साधन म्हणजे डीबगर. आपण त्याला विचारतो, या यादीत आकडे किती? मोजणारे फलन प्रोग्रॅमने कधी वापरलेच नसेल, तर तो हात वर करतो. एलएलडीबी या डीबगरने उपाय काढला तो असा, की ग्रंथालयाचे मॉड्यूल, म्हणजे साच्यांचे कपाटच, ऐनवेळी उघडावयाचे आणि हवे ते भांडे तेथल्या तेथे पाडून घ्यावयाचे. एलएलडीबी ज्या एलएलव्हीएम प्रकल्पातला, तो २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर व विक्रम अडवे यांनी आरंभिला. अडवे आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर!

पण या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करावयाची? ती यंत्रच करते. छोटा प्रोग्रॅम, ठरलेल्या ओळीवर मुक्काम, प्रश्न आणि अपेक्षित उत्तर. एका चाचणीत उणे ४२ चे केवल मूल्य विचारतात. ४२ आले नाही, तर चाचणी नापास.

खरी मेख पुढे आहे. विचारलेले फलन प्रोग्रॅममध्ये आधीच उतरलेले असेल, तर कपाट न उघडताही उत्तर बरोबर येते आणि चाचणी फुकट पास होते. म्हणून एका चाचणीत लुटुपुटीचे ग्रंथालयच मांडले आहे. त्यातले फलन खऱ्या ग्रंथालयात नाहीच. ते चालले, तरच कपाट उघडले असे समजावयाचे. आणखी एकीत मॉड्यूल मुद्दाम रिकामे ठेवतात. तेथे डीबगरने नाही म्हणावे, पण कोलमडू नये. मला हीच अधिक मोलाची वाटते. खोट्या साक्षीवर विसंबून निर्दोष ओळी तपाशीत मी रात्री घालविल्या आहेत. 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याने मला कधी इतके छळले नाही.

ग्रंथालयाची मांडणी बदलली की या चाचण्या मोडतात. मग एखादी चाचणी तात्पुरती बाजूला ठेवली जाते, आणि 'तात्पुरती' म्हणजे किती दिवस, हे आपल्याकडच्या रस्त्यांवरून आपण जाणताच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. शंका असतील त्यांनी आता विचाराव्यात.