जुनी मारुती, फोर्कलिफ्टची मोटार आणि आपलं पार्किंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



“घरी बॅटरीवरची गाडी कशी केलीत ते सांगा,” असा कमिटीचा निरोप आला, तेव्हा मी आधी विचारलं, “त्या रात्रीचंही सांगायचं का?” सेक्रेटरी साहेब म्हणाले, “तेच मुख्य सांगा.” म्हणून दोन्ही सांगतो. जुन्या रहिवाशांना काही गोष्टी पाठ असतील. त्यांनी सांभाळून घ्यावं.

मी माणूस वाइंडिंगचा. भिवंडीत तीस वर्षं यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त केल्या. सकाळी जळालेली मोटार यायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, की दुसऱ्या दिवशी माग पुन्हा खडखडायला लागायचा. पुढे एकेक कारखाना बंद पडू लागला. माग भंगारात गेले. आपल्या मानकोलीच्या आजूबाजूला भातशेती होती तिथे गोदामं उभी राहिली. दुकानात बसून मी रस्त्यावरचे कंटेनर मोजायला लागलो. त्यात २०२०चा लॉकडाऊन आला आणि शटरच खाली आलं. हाताला काम नसलं की माणूस एकतर घरात भांडतो, नाहीतर काहीतरी खोलून बसतो. मी आमची मारुती ८०० खोलून बसलो. आमच्या सौ. म्हणतात, मी दोन्ही केलं.

आता थोडं तंत्र सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

बॅटरीवरची गाडी हा काही आजचा शोध नाही. माणूस रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या पुढे पहिल्यांदा गेला तो १८९९ साली, फ्रान्समध्ये, आणि ती गाडी विजेची होती. आपल्याकडे बंगळुरूची ‘रेवा’ २००१ साली आली. मग माझ्यासारख्याने का करू नये, असं मला वाटलं.

गोदामांमध्ये माल उचलायला बॅटरीवरची फोर्कलिफ्ट असते, ती तुम्ही पाहिली असेल. अशा एका भंगारातल्या फोर्कलिफ्टची ४८ व्होल्टची डीसी मोटार मला वजनाच्या भावाने मिळाली. ब्रश घासलेले, कम्युटेटर काळा पडलेला. ते काम तर माझ्या हातचंच! मोटार नीट केली. मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी उतरवली. गिअरबॉक्स तसाच ठेवला. मोटार आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. दोन्हींचे शाफ्ट एका रेषेत यायला हवेत, केसभर फरक पडला तरी गाडी थरथरते. ती प्लेट लेथवर तीन वेळा करून घेतली. दोन वेळा वाया गेली.

बॅटऱ्या घेतल्या त्या आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार. चार बारं अठ्ठेचाळीस. दोन पुढे, दोन मागच्या सीटच्या जागी. मोटारीला जाणारी केबल वेल्डिंगची घेतली, कारण चढावर शंभर अँपिअरच्या वर करंट जातो. आपल्या मिक्सरला तीन-चार अँपिअर पुरतात.

मुलांनो, आता एक हिशेब करा. ४८ गुणिले १५० म्हणजे ७२०० वॅट-अवर, म्हणजे सव्वासात युनिट वीज. आणि एक लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा किती? जवळजवळ नऊ युनिट! म्हणजे सव्वादोनशे किलो वजनाच्या माझ्या चार बॅटऱ्या मिळून एका बाटलीभर पेट्रोलच्याही मागे. शिवाय शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. मग गाडी चालते तरी कशी? तर इंजिन पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटार मिळालेली बहुतेक वीज चाकाला देते. विजेच्या गाडीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिली चाचणी ओळखीच्या एका गोदामाच्या बंद आवारात, रविवारी, मालकांच्या परवानगीने. किल्ली फिरवली, आवाजच नाही. पाय दिला, गाडी निघाली. पन्नाशीतला माणूस मी, डोळ्यांत पाणी आलं. आणि पुढच्याच क्षणी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं! ब्रेक हलका लागावा म्हणून जो बूस्टर असतो, तो इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन मी काढून टाकलं होतं आणि ही गोष्ट विसरलो होतो. गाडी भिंतीपासून दोन हातांवर थांबली, ती हॅंडब्रेकच्या कृपेने. नंतर विजेवरचा व्हॅक्यूम पंप बसवला. आवारात फेऱ्या मोजल्या, तेव्हा एका चार्जिंगमध्ये २८ किलोमीटर झाले.

इथवर ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. थांबा.

२०२२च्या जून महिन्यातली ती रात्र. गाडी आपल्या पार्किंगमध्ये उभी. मी जिन्याखालच्या प्लगमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून चार्जिंगला लावली आणि वर जाऊन झोपलो. चार्जर सात अँपिअर घेणारा, प्लग सहा अँपिअरचा. वायर बारीक, वर ती रिळावर गुंडाळलेलीच ठेवलेली. तारेतून करंट गेला की ती तापते. मोकळी असेल तर उष्णता हवेत जाते, गुंडाळलेली असेल तर आतल्या आत साठते. ज्या माणसाने तीस वर्षं ‘तार का जळाली’ हे लोकांना समजावलं, त्याला हे कळू नये? कळत होतं. ‘एका रात्रीने काय होतंय’ म्हणून सोडून दिलं.

पहाटे तीनला वॉचमनदादांना जळका वास आला. प्लग वितळला होता, बोर्ड काळा पडला होता. त्यांनी मेन स्विच पाडला म्हणून आज मी इथे उभा राहून गमती सांगतोय. धूर जिन्यातून वर गेला. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा. त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं आणि त्या पाऊण तास या पायरीवर धापा टाकत बसल्या. मी समोर उभा होतो. काय बोलणार?

त्यानंतरच्या सभेत जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. कोणी म्हणालं गाडी बाहेर काढा, कोणी म्हणालं पोलिसांत द्या. मला राग आला होता. घरी येऊन म्हणालो, “यांना कौतुक नाही.” सौ. म्हणाल्या, “आजींच्या जागी तुमची आई असती तर?” मी गप्प झालो.

त्याच सुमारास एका वकिलांना भेटलो, गाडी रस्त्यावर आणता येईल का विचारायला. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं. नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती, त्यात मालकाने मनाने बदल करायचा नाही. बॅटरीवर करायला कायद्याची ना नाही, पण किट मंजूर झालेलं हवं आणि ठरवून दिलेल्या अटींप्रमाणे बसवलेलं हवं. अशा किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. ठाण्याच्या गोगोएवन कंपनीचं स्प्लेंडरसाठीचं किट २०२१ साली मंजुरी घेऊन बाजारात आलं, ते या वाटेने. माझी प्लेट लेथवर झालेली, मोटार भंगारातली. त्यांना कोण प्रमाणपत्र देणार? आणि अपघात झाला तर विम्याचा भरवसा नाही.

तेव्हा मला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवले. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, किक मारून सुरू होणारी. पेट्रोलवरची होती, पण जिद्द तीच. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच वेळी सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या थांबवली जाईल, म्हणून ती मला द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारी २०२२मध्ये लोहारांच्या घरी बोलेरो आली. आधी मला त्या बातमीतली बोलेरोच दिसली होती. आता दुसरा भाग दिसला. करणाऱ्याचं कौतुक खरं आणि नियमही खरा.

माझ्याकडे बोलेरो घेऊन कोणी आलं नाही. (हंशा) मी गाडी एका आयटीआयला देऊन टाकली. तिथली मुलं ती खोलतात, जोडतात. रस्त्यावर ती एक दिवसही धावली नाही. याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण त्या जळक्या प्लगमधून एक काम झालं. पुढच्या सभेत मीच उभा राहिलो, माफी मागितली आणि म्हणालो, आज माझी घरगुती गाडी आहे, उद्या तुमच्या कंपनीच्या स्कूटर आणि गाड्या येतील. त्यांना वीज कुठून देणार? खिडकीतून वायर सोडून? मग ठराव झाला. ज्याला चार्जिंग हवं त्याने आपल्या मीटरवरून स्वतंत्र लाइन घ्यायची. जाड तांब्याची केबल, पाइपातून. स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, पक्कं अर्थिंग आणि १६ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. एक्स्टेन्शन बोर्ड आणि जिन्यातला प्लग कायमचे बंद. खर्च ज्याचा त्याचा, देखरेख कमिटीची. त्या कामाचा पहिला आराखडा मी काढून दिला, फुकट. तेवढं देणं होतंच.

आज आपल्या पार्किंगमध्ये असे सात पॉइंट आहेत. आजींच्या नातवाची स्कूटर त्यातल्याच एकावर लागते. गेली तीन वर्षं मी रात्री जिन्यात दिसलो की आजी दार किलकिलं करून विचारतात, “सगळं बंद केलंस ना रे?” आधी मला ते टोचायचं. आता त्यांनी विचारलं नाही, तर मीच पार्किंगमध्ये एक चक्कर मारून येतो.

मुलांनो, खोला, जोडा, बिघडवा. हात काळे झाल्याशिवाय काही कळत नाही. फक्त लक्षात ठेवा, आपल्या घरातली वायर दुसऱ्याच्या घराच्या भिंतीतून गेलेली असते. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून मी हे जरा उशिराच शिकलो. तुम्ही लवकर शिका.

आणि वॉचमनदादा, तुम्ही मागे उभे आहात. त्या रात्रीबद्दल चारचौघांत तुमचे आभार मानायचे राहिले होते. आज मानतो. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.