अणूच्या अंतरंगाचा शोध



प्रथम एका शब्दाची उकल करणे इष्ट ठरेल. हिंदी पाठ्यपुस्तके ज्याला ‘परमाणु’ म्हणतात, त्यालाच मराठी पाठ्यपुस्तके ‘अणू’ म्हणतात. आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे मराठीतील ‘रेणू’. जैन दर्शनातील परमाणू या सर्वांहून निराळा. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे अणू आणि स्कंध असे भेद सांगितले आहेत. त्यातील अणू, म्हणजेच परमाणू, अविभाज्य होय.

विज्ञानाचा अणूही जवळजवळ शतकभर अविभाज्यच मानला गेला. मूलद्रव्ये वजनाच्या ठराविक प्रमाणातच का संयोग पावतात, याचे उत्तर शोधताना मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यांचा अणू फुटत नव्हता. १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांना मात्र हायड्रोजनच्या अणूहून शेकडो पटींनी हलका असा ऋणभारित कण आढळला. तोच इलेक्ट्रॉन. लाडवात बेदाणे रुतलेले असावेत, तसे धनभारित गोलात इलेक्ट्रॉन रुतलेले असतात, अशी त्यांनी कल्पना केली.

ही कल्पना मोडीत काढली ती त्यांचेच शिष्य अर्नेस्ट रदरफर्ड यांनी. १९०९ साली मँचेस्टर येथे हान्स गायगर आणि विशीतील विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करीत होते. कण पडद्यावर आदळला की क्षणभर ठिणगीसारखी चमक उमटे. ती दिसावी म्हणून निरीक्षकाने आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे सरावून घ्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून एकेक चमक मोजायची. हेही एक तपच म्हणावयाचे! काही कण मागे उलटतात का, हे पाहण्याचे काम मार्सडेनकडे आले ते जवळजवळ सरावाचा पाठ म्हणून. फारसे काही हाती लागेल अशी रदरफर्ड यांचीही अपेक्षा नव्हती. पण कण उलटले. प्लॅटिनमच्या पत्र्यावर हे प्रमाण ८,००० कणांमागे सुमारे एक इतके होते. मऊ लाडवावरून असा वेगवान कण माघारी फिरणे शक्य नव्हते. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी निष्कर्ष मांडला : अणूचे बहुतेक वस्तुमान आणि सर्व धनभार एका अत्यल्प केंद्रात एकवटलेला असतो, उरलेला अणू बव्हंशी रिक्त आहे.

पुढे १९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनच्या ठराविक कक्षा सुचविल्या, तर १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना केंद्रातील न्यूट्रॉन गवसला.

तेव्हा प्रयोगशाळेतील अणू जैन परिभाषेत स्कंधच ठरतो. स्निग्ध-रूक्ष गुणांमुळे होणारा परमाणूंचा बंध वाचून काही अभ्यासकांना धन-ऋण विद्युतभाराची आठवण होते. साम्य मोहक आहे, परंतु एक तत्त्वचिंतनातून आले आणि दुसरे मोजमापातून. दोन्हींना एकच म्हणणे हा दोन्हींवर अन्याय होईल.

१९६८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे रदरफर्ड यांच्याच धर्तीवर प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करण्यात आला. प्रोटॉनच्या आतही घटक असल्याचे दिसून आले. त्यांना आज क्वार्क म्हणतात. इलेक्ट्रॉनच्या आत काही दडले आहे, असा पुरावा मात्र आजवर मिळालेला नाही.